दोन लाइनी आणि एक ओढा

सांगली, १२ मे २०२५

मामा,

मायना लिहीत नाही. तुम्ही तो सोडून सरळ "पोरीचं काय चाललंय" तिथवर उडी मारता, हे मामीनं मला कधीच सांगून टाकलंय.

फोनचं तर आपलं जमणं नाहीच. कानातलं मशीन शिट्टी मारतं, तुम्ही जोरात "ओव्हर!" म्हणता आणि ठेवून देता. म्हणून पोस्टाचं पाकीट. इथल्या पोस्टातल्या बाई मला "अजून कोण पत्रं लिहितं?" असं विचारतात. मी सांगते, वडूजला माझे मामा आहेत, आर्मीच्या सिग्नलमधले रिटायर्ड सुभेदार, त्यांच्याशी असंच बोलावं लागतं.

तर पोरीचं चाललंय ते असं. कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि एका हॉस्पिटलात नेटवर्क इंजिनिअर म्हणून लागले. दोन इमारती आहेत. गावातली जुनी, तिथं लॅब आणि ब्लड बँक. विश्रामबागेच्या पुढं नवी, तिथं पेशंट. मध्ये चारेक किलोमीटर. नव्या इमारतीत रक्त काढायचं, जुनीत तपासायचं आणि रिपोर्ट कॉम्प्युटरवरून परत. हे सगळं एका लाइनवर लोंबकळत होतं. मार्चमध्ये ती तीन तास बंद पडली, आणि सगळे रिपोर्ट लोकांनी स्कूटरवरून नेले. तेव्हा शौनक सरांनी, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, मला बोलावून एकच वाक्य सांगितलं, "हे पुन्हा बंद पडता कामा नये."

मी सगळं दुहेरी करतेय. दोन मोठे स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथं येऊन मिळतात ते डबे, एक मेला की दुसरा डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उचलणार. विजेसाठी दोन यूपीएस. दोन इमारतींमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन लाइनी. शिवाय सगळे इंटरकॉमसुद्धा मी याच नेटवर्कवर घेतले, जुन्या टेलिफोन वायरींचं जंजाळ काढून टाकलं. मामा, इतकं सुंदर दिसतंय ना कागदावर! तुमची आठवण आली.

मामीला सांगा, लोणचं संपलं.

रेश्मा

*

वडूज, १९ मे

चि. रेश्मा,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तुजं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यागत हाय, पण काम झ्याक करतीस.

आता माझं ऐक. सियाचिनकडं आमच्या युनिटात एक नाईक हुता. वरच्या पोस्टपतोर टेलिफोनच्या दोन लाइनी टाकायचा हुकूम. एक तुटली तर दुसरी. नाईकानं दोन लाइनी टाकल्या, रजिस्टरात लिवलं, 'दो लाइन, दो रास्ता', साहेबांनी सही केली. खरं म्हंजी दुसरा रस्ता लय उभा हुता, बरफ कमरंएवढं. नाईकानं दोनी लाइनी एकाच नाल्यातनं नेल्या. जानेवारीत नाल्यात बरफाचा कडा कोसळला. एका झटक्यात दोनी गेल्या. एकोणीस तास पोस्ट मुकी.

मला येवढंच इचारायचं हाय. तुज्या दोन कंपन्यांच्या दोन लाइनी हाईत. त्या कुठनं कुठनं जात्यात ते तू बघितलंस का? कागदावर नव्हं. पायानं. चारच किलोमीटर हाय, वडूजात आमी दूध घालायला येवढं चालतो.

लोणचं मामीनं भरलंय. कोरेगावच्या तुज्या आईकडं दिलंय, ती येताना आणंल.

सयाजीमामा

*

सांगली, ६ जून

मामा,

परीक्षा पास! काल शौनक सर, सगळे डॉक्टर, हिशेबनीस, झाडूवाल्या सुलाबाईसुद्धा, सगळ्यांच्या देखत मी पहिल्या कंपनीची केबल उपटली. सगळे श्वास रोखून उभे. काहीही झालं नाही! रिपोर्ट येतच राहिले. मग ती लावली आणि दुसरी उपटली. तरी काही नाही. मग एक स्विच बंद केला. सुलाबाई म्हणाल्या, "म्हंजी झालं काय शेवटी?" मी म्हटलं, काहीच झालं नाही, तेच तर झालं! सरांनी पेढे मागवले.

तुमच्या नाईकाची गोष्ट मामीला वाचून दाखवा, मला नको. दोन्ही कंपन्यांनी नकाशे दिलेत, शिक्क्यासकट. एक लाइन मुख्य रस्त्यानं, दुसरी रेल्वेच्या बाजूनं. तुमच्या वेळी नकाशे नसतील, आता असतात. आमचा वायरमन कोंडीबा, पन्नाशीचा गृहस्थ, तोही माझ्या मागं लागलाय. "मॅडम, त्या पोरांना मी वायर ओढताना बघितलंय, ओढ्यापाशी..." असं काहीतरी रोज सुरू करतो. मी त्याला म्हटलं, काका, तुम्ही ट्यूबलाइट बघा, नेटवर्क मी बघते. जानेवारीत नमुना म्हणून आलेल्या दोन बिनतारी डिश होत्या, गच्चीवरून गच्चीवर सिग्नल टाकणाऱ्या. टेबलावर एकमेकींशी जुळवून पाहिल्या, चालल्या. कोंडीबाला वाटतं त्या लावाव्यात. लाइनी दोन असताना तिसरं कशाला? स्टोअरमध्ये टाकून दिल्या.

आता वाईट बातमी. तुमच्या शिवतेजच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. मामा, खरंच निघवत नाही. नवं नेटवर्क आहे, पासवर्ड माझ्याकडे, कुठली केबल कुठं जाते ते माझ्या डोक्यात. सर म्हणतात, "रेश्माशिवाय एक दिवस चालायचं नाही." ऐकून बरं वाटतं हो!

शिवतेजला सांगा, बहिणीचा हक्क लग्नात वसूल करीन.

रेश्मा

*

वडूज, ४ ऑगस्ट

चि. रेश्मा,

दोन महिने झालं, तुजं पत्र न्हाई. रोज पोस्टमन वीरधवल येतो तवा मी ओट्यावर बसलेला असतो. तो लांबनंच मान हलवतो.

मला ठाऊक हाय, तू रुसलीस. साखरपुड्यानंतर मी जे कार्ड टाकलं ते लय कडू झालं. 'तुज्यावाचून हॉस्पिटल एक दिस चालत नसंल तर ते तू नीट बांधलं न्हाईस' असं मी लिवलं. मामी म्हणली, आवं असं कोण लिवतं का भाचीला? उघड्या कार्डावर? पोस्टमननं वाचलं असंल. त्यानं वाचलंच, मला म्हणला, "सुभेदार, जरा जास्तच झालं."

चूक झाली. साखरपुड्यात शिवतेजनं तीन वेळा तुजी चौकशी केली, त्याचा राग मी तुज्यावर काढला. म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नगंस. चार वळी लिव. अक्षर कसंबी असू दे.

मामा

*

सांगली, १७ ऑगस्ट

मामा,

रुसले नव्हते. आधी हे वाचा, मग मामीला वाचून दाखवा, पण तिला खुर्चीवर बसवून.

मला डेंग्यू झाला होता. आईला सर्दी म्हणून सांगितलं. तिला कळलं असतं तर ती कोरेगावहून आली असती, आणि तिच्या मागोमाग तुम्ही. आता मी बरी आहे, भाकरी खाते, जिने चढते. आमच्याच हॉस्पिटलात होते, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट.

२८ जुलैला, दुपारी तीनच्या सुमारास, मला एकशे तीन ताप. हाताला सलाईन. पूजा सिस्टर माझ्या पेशींचा रिपोर्ट बघायला कॉम्प्युटरवर गेली आणि म्हणाली, "मॅडम, सिस्टीम बंद आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही.

ती म्हणाली, "शक्य नसेल, पण बंद आहे."

दोन इमारतींच्या मधल्या ओढ्याशी गटाराचं काम चाललं होतं. जेसीबीचा एक घास आणि दोन्ही लाइनी गेल्या. दोन्ही, मामा! दोन कंपन्यांचे दोन नकाशे शिक्क्यासकट खरे होते, ओढ्यापर्यंत. ओढा ओलांडायला वेगळं खोदकाम कोण करणार? दोघांनी केबल ओढायचं काम एकाच ठेकेदाराला दिलं होतं, आणि त्यानं दोन्ही केबली ओढ्यावरच्या मोरीखालच्या एकाच पाइपातून घातल्या. कोंडीबानं तेच बघितलं होतं. तेच तो रोज सांगायला यायचा.

मला वाटलं, ठीक आहे, लॅबला फोन करतील. पण इंटरकॉम मीच कौतुकानं याच लाइनीवर आणले होते. ते मुके. ब्लड बँकेतल्या माणसाचा मोबाइल नंबर कुणाकडे नाही, कारण गरजच कधी पडली नव्हती. मी तिथं पडून, आणि दुसऱ्या मजल्यावर तासगावची एक बाई नुकतीच बाळंत झालेली, तिचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी दोन पिशव्या रक्ताची मागणी कॉम्प्युटरवर टाकली होती, ती तिथंच अडकलेली. जिन्यातून पळणाऱ्या चपलांचा आवाज मला वर ऐकू येत होता. मामा, तो आवाज मी विसरणार नाही.

पूजानं डोकं लढवलं. नमुन्याची बाटली आणि हातानं लिहिलेली चिठ्ठी त्या बाईच्या दिराच्या हातात दिली, अँब्युलन्समध्ये बसवलं आणि गावात पिटाळलं. तो ओल्या रस्त्यानं गेला आणि पिशव्या घेऊन आला. बाई वाचली. मुलगी झालीय. पण पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास माझा होता.

कोंडीबा माझ्या खाटेशी आला. मला वाटलं, आता म्हणेल, सांगत होतो. तो म्हणाला, "मॅडम, त्या दोन डिश लावू का?"

एक डिश घेऊन तो स्वतः पाण्याच्या टाकीवर चढला. दुसरी जुन्या इमारतीत पाठवली, तिथं लॅबवाल्यांनी गच्चीवर बांधली. भुरभुर पाऊस. खाली एकजण मोबाइल धरून मला सांगतोय, मी सांगतेय, "जरा डावीकडं, जरा वर, थांबा," आणि मध्येच मला ग्लानी येतेय. डिशा एकमेकींना भेटल्या. आता फक्त स्विचला सांगायचं होतं की या नव्या वाटेनं ये-जा कर. त्याला पासवर्ड. पूजानं लॅपटॉप माझ्या पोटावर ठेवला.

पासवर्ड तुमचा आर्मी नंबर आणि तुमच्या म्हशीचं नाव. (आता बदललाय, म्हणून लिहिते.) नंबर पाठ. म्हशीचं नाव आठवेना! चंद्री टाकलं, नाही. गौरी, नाही. आणखी एक, तेही नाही. तिसऱ्यांदा चुकल्यावर स्विचनं पंधरा मिनिटं दार बंद केलं. कोंडीबा टाकीवर भिजत उभा. शौनक सर माझ्या उशाशी उभे. "कुठं लिहून ठेवलंय का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

पूजानं कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि विचारलं, "ती म्हैस दिसायला कशी होती?" मी म्हटलं, एक शिंग वाकडं. आणि मग आलं, वाकडी! आपण सगळे तिला वाकडीच म्हणायचो. साडेचारला रिपोर्ट यायला लागले. माझा पहिला आला. पेशी अठ्ठावीस हजार.

तुमचं कार्ड मी आजारी पडायच्या आधीच वाचलं होतं. खरं सांगते, तेव्हा राग आला होता. आता ते खोलीवर, खाटेशेजारच्या भिंतीला चिकटवलंय.

रेश्मा

*

वडूज, २४ ऑगस्ट

रेश्मे,

तुजी मामी दोन दिस माझ्याशी बोलत न्हाई, जसा काय डेंग्यू मी पाठवला. तिचा निरोप: 'परत आजारपण लपवलंस तर सांगलीला येऊन कानाखाली दीन, आणि वर खिमट बी खाऊ घालीन.' गौरी-गणपतीचं तिला यायला जमत न्हाई म्हणून तांदळाची पिठी आन् लाडू धाडलंत.

आता एक गोष्ट सांगतो, ती तिला वाचून दावणार न्हाई.

तो नाईक मी हुतो.

'आमच्या युनिटात एक नाईक हुता' असं मी तीस वरसं सांगत आलो. रजिस्टरात 'दो रास्ता' मी लिवलं. उभ्या चढाला भ्यालो, आन् दुसऱ्या दिशी सुट्टीवर निघायचं हुतं. पोस्टवर माणचा लालासाहेब हुता, त्याला थंडी बाधली हुती. लाइन असती तर खालनं हेलिकॉप्टर सांजच्या आत आलं असतं. एकोणीस तासांनी आलं. तो वाचला, उजव्या हाताची चार बोटं गेली. दर दसऱ्याला तो सोनं द्यायला घरी येतो, उजव्याच हातानं देतो, आन् मी आपट्याचं पान बघतो, हात बघत न्हाई. त्याला कधी सांगितलं न्हाई.

तू वरसाच्या आत कबूल झालीस. मोठ्या डॉक्टरांपुढं, वायरमनपुढं, आन् आमाला चार पानं लिवून. मी तुजं पत्र वाचून दुपारभर ओट्यावर बसलो, आन् मग लालासाहेबाला पत्र लिवायला घेतलं. तीन कागद फाडले. चौथा पोस्टाच्या पेटीत टाकला.

त्या कोंडीबाचा पत्ता धाड. मला त्याला चार वळी लिवायच्यात.

मामा

*

सांगली, १२ ऑक्टोबर

मामा,

कोंडीबाकाका तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतात. कँटीनमध्ये, इलेक्ट्रिक रूममध्ये, बस स्टॉपवर. "सुभेदारसाहेबांनी लिवलंय," म्हणून. घडीवर चिरा पडल्यात, आता पूजानं ते प्लॅस्टिकमध्ये घालून दिलंय.

आम्ही दोघं चाललो. पायानं. पहाटे नाही, दिवसाउजेडी, छत्री घेऊन, चारही किलोमीटर. प्रत्येक चेंबरचं झाकण उचललं. काकांना सगळं माहीत, कुठल्या खांबावर कुणाची तार, कुठं कुणी जोड मारलाय. मी फक्त लिहून घेत होते. एका ठिकाणी एका आजींनी विचारलं, काय हरवलंय? काका म्हणाले, "सापडतंय बघा, आज्जी."

दुसरी लाइन आता खरंच वेगळी आहे, ओढा वरच्या पुलावरून ओलांडते. तो पूल मी बघितलाय, पाइप मी हातानं चाचपलाय. डिशा गच्चीवर कायमच्या, नीट खांब रोवून. इंटरकॉम बंद पडले तर म्हणून ब्लड बँकेत आणि प्रत्येक मजल्यावर साधा मोबाइल, भिंतीवर नंबर लिहून.

आणि वही. चाळीस पानी, सगळी मराठीत. 'लॅब बंद पडली तर काय बघायचं', 'दिवा लाल झाला तर काय'. पासवर्ड पाकिटात, लाखेनं बंद, सरांच्या तिजोरीत. आधी वही लिहायला मला चांगलंच जड गेलं. एकेक पान लिहिताना वाटायचं, आता हे सगळ्यांना येणार. मग माझं काय? शौनक सरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मग तू सुट्टी घेऊ शकशील." इतकं साधं.

दर शुक्रवारी आम्ही सराव करतो. मी काहीतरी उपटते आणि बाहेर चहाला जाते. कोंडीबाकाका आणि पूजा वही बघून लावतात. पहिल्या वेळी पन्नास मिनिटं लागली. परवा अकरा.

शिवतेजच्या लग्नाला येतेय. १९ नोव्हेंबरला निघते, दहा दिवस. सरांनी अर्जावर सही केली तेव्हा तो मी दोनदा वाचून पाहिला.

लालासाहेबांचं उत्तर आलं का?

रेश्मा

*

कुपवाड, २१ नोव्हेंबर २०२५
(फक्त सुभेदारसाहेबांनीच उघडणे)

सुभेदारसाहेब यांना कोंडीबाचा रामराम.

अक्षर चांगलं नाही, समजून घ्यावे. रेश्मा मॅडम आपल्याकडे लग्नाला आल्या आहेत. काल गुरुवारी सकाळी अकरा वाजता इथे एक प्रकार घडला, तो आपल्याला कळवतो. मॅडमना सांगू नये. आल्यावर वहीत वाचतील.

पहिल्या मोठ्या स्विचमध्ये पाल शिरली. फट्ट आवाज, जळका वास, स्विच मेला. पालही मेली. दुसऱ्या स्विचने काम लगेच उचलले. वॉर्डात कुणाला कळले नाही. फक्त पहिल्याच स्विचला जोडलेले औषधाच्या खिडकीवरचे कॉम्प्युटर बंद पडले. पूजा सिस्टर म्हणल्या, "काका, मॅडमना फोन लावू का?" मी म्हणलो, "आधी वही काढ."

पान सातवर लिहिले होते की हिरवी केबल काढून दुसऱ्या स्विचमध्ये लावा. लावली. चालेना. दोनदा लावली. मग मी केबल धरून भिंतीने हाताने शेवटपर्यंत गेलो. तर औषधाच्या खिडकीची केबल निळी! मॅडमकडून लिहिताना चुकलं आहे. निळी लावली, चालू. एकूण सात मिनिटे. खिडकीवर लाईन लागली होती, एक गृहस्थ बडबड करत होते, त्यांना चहा दिला.

पान सातवर 'हिरवी' खोडून 'निळी' केले आहे. खाली सही केली, तारीख टाकली. सर म्हणाले, सही पाहिजेच.

पाल कशी शिरली ते शोधून फट बुजवली आहे.

लग्नाला आमच्या शुभेच्छा.

कोंडीबा

*

वडूज, २५ नोव्हेंबर २०२५

कोंडीबा, गड्या,

तुमचं पत्र वीरधवलनं काल सांजला दिलं. वाचून माझ्या जुन्या युनिफॉर्मच्या खिशात ठिवलं, घरात कुणी हात घालत न्हाई तिथं.

लग्न झ्याक झालं. लालासाहेब नावाचा माझा एक जुना जोडीदार माणवरनं आला हुता. त्याला मी एक पत्र धाडलं हुतं, त्याचं उत्तर द्यायला तो सोता आला. माझ्यापाशी बसून जेवला. म्हणला, "सयाजी, मला तवाच कळलं हुतं. तूच कवा बोलतोस ते बघत हुतो." मी त्याचा हात हातात घेतला. बाकीचं कागदावर येत न्हाई.

तुमच्या मॅडमचं सांगतो. आल्यादिशी जेवताना सात वेळा फोन बघितला. मी मोजलं. हळदीला तीन वेळा. काल वरातीत नाचली, म्हातारे हसले, पोरी लाजल्या.

आता दुपारचे बारा वाजलेत. अंगणात बाजेवर झोपली हाय, उन्हं पायावर आली तरी जाग न्हाई. मगा मामीनं तिला हलवून इचारलं, "अगं, तुजा फोन कुठाय? हॉस्पिटलातनं कुणी लावत असंल." तर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर वळली आन् म्हणली, "असंल की कुठंतरी."

सयाजी